जुन्या खाणींवरून महामार्ग नेताना जमिनीखाली काय पाहावे लागते

२६ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मॉरिस परगण्यातील व्हॉर्टन गावाजवळ, 'इंटरस्टेट ८०' या महामार्गाच्या कडेची जमीन खचली आणि सुमारे चाळीस फूट रुंदीचे भगदाड पडले. काही दिवसांत ते बुजवून वाहतूक पूर्ववत करण्यात आली. मात्र १० फेब्रुवारी २०२५ रोजी तिथून जवळच जमीन पुन्हा बसली आणि मार्च महिन्यात दुभाजकाच्या पट्ट्यात तिसरे भगदाड उघडे पडले. न्यूयॉर्कच्या दिशेने रोज ये-जा करणाऱ्या हजारो वाहनांना आजूबाजूच्या गावांतील अरुंद रस्त्यांवरून वळवावे लागले आणि महामार्ग पूर्ण क्षमतेने सुरू होण्यास कित्येक महिने गेले. याच मार्गावरील पार्सिपनी आणि आसपासच्या गावांत अनेक मराठी कुटुंबे राहत असल्यामुळे ही बातमी महाराष्ट्रातही बऱ्याच घरांत पोहोचली. खचण्याचे कारण होते रस्त्याखाली असलेली, फार पूर्वी सोडून दिलेली लोहखनिजाची खाण.

इतक्या सधन देशाने खाणीवर रस्ता बांधलाच कसा, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. वास्तविक जगातील बहुतेक जुन्या औद्योगिक प्रदेशांत खाणी, गावे, रेल्वे आणि रस्ते एकमेकांना लागूनच वाढलेले आहेत. त्यामुळे जुनी खाणजमीन पूर्णपणे टाळून मोठा रस्ता काढणे अनेक ठिकाणी शक्यच नसते. अशा जमिनीवर सुरक्षित महामार्ग बांधता येतो आणि तसे अनेक महामार्ग बांधलेही गेले आहेत. परंतु त्यातील कठीण भाग डांबर किंवा काँक्रीट घालण्याचा नसतो. खाली नेमके काय आहे हे शोधून काढण्यातच अभियंत्यांची खरी कसोटी लागते, आणि वेळ व पैसा यांची काटकसर नेमकी याच टप्प्यावर केली जाते, ही चिंतेची बाब आहे.

खाण बंद झाल्यावर मागे काय उरते?

खाणी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात आणि त्या मागे ठेवत असलेली जमीनही दोन अगदी वेगळ्या प्रकारची असते. भूमिगत खाणीत वरची जमीन तशीच राहते आणि खाली पोकळी तयार होते. खुल्या खाणीत वरची माती व दगड उपसून बाजूला टाकतात, खनिज काढून घेतात आणि पुढे त्याच खड्ड्यात तो उपसा परत लोटतात. पहिल्या प्रकारात जमीन अचानक कोसळण्याचे भय असते, तर दुसऱ्या प्रकारात ती वर्षानुवर्षे दबत राहण्याचे. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. म्हणून एखाद्या प्रकल्प अहवालात केवळ 'खाणक्षेत्र' असा शब्द वापरलेला असेल, तर त्यावरून वाचणाऱ्याला जवळजवळ काहीच कळत नाही.

जुन्या भूमिगत कोळसा खाणींत बहुधा खांब-दालन पद्धत वापरली जाई. थरातील काही कोळसा काढून दालने आणि वाटा तयार करायच्या आणि छत तोलून धरण्यासाठी मध्ये कोळशाचेच जाड खांब सोडायचे, अशी ही पद्धत. खाण सोडून जाताना अनेकदा हे खांबही तासून बारीक केले जात, कारण त्यांतही विकण्याजोगा कोळसाच होता. मग माणसे निघून जातात आणि खांब मात्र डोक्यावरच्या दगडाचे सारे ओझे घेऊन तसेच उभे राहतात. हवा आणि पाणी लागून त्यांच्या कडा सुटत जातात, दोन खांबांमधील छताचे थर एकेक करून खाली पडतात आणि पोकळी हळूहळू वर सरकू लागते.

ती किती वर येईल, याचा हिशेब समजण्याजोगा आहे. दगड फुटून खाली पडला की त्याच्या तुकड्यांमध्ये फटी राहतात, त्यामुळे तो मूळच्यापेक्षा अधिक जागा व्यापतो. समजा, दालनाची उंची २ मीटर आहे आणि पडलेला दगड २० टक्क्यांनी फुगतो. अशा स्थितीत छताची १० मीटर पडझड झाल्यावर पोकळी आपोआप भरून निघते आणि पडझड थांबते. फुगवटा १० टक्केच असेल, तर तीच पोकळी २० मीटर वर चढते. ब्रिटिश अभियंते यावरून एक ढोबळ नियम वापरत आले आहेत. काढलेल्या थराच्या जाडीच्या दहापट अखंड खडक वर शिल्लक असेल, तर पोकळी पृष्ठभागापर्यंत येण्याची शक्यता फार कमी. मात्र पडलेला चुरा पाण्याने वाहून जात असेल, तर हा हिशेब कोलमडतो, कारण पोकळी भरून निघण्यासाठी लागणारा मालच तिथे टिकत नाही.

याचा रस्त्याच्या आखणीशी थेट संबंध आहे. टेकडी कापून रस्ता खाली नेला, तर जमिनीवरचा भार कमी होतो आणि त्यामुळे धोकाही कमी होईल, असे वाटते. प्रत्यक्षात २५ मीटर खोल असलेल्या थरावर १० मीटरचा काप घेतला, तर डोक्यावरचे छत १५ मीटरच उरते आणि जो थर सुरक्षित मानला होता तो धोक्याच्या कक्षेत येतो. उलट, रस्ता १० मीटर उंच भरावावरून नेला, तर दर चौरस मीटरवर सुमारे २० टनांचा नवा भार येतो आणि आधीच थकलेल्या खांबांना तो पेलावा लागतो. मालमोटारीच्या चाकांचा भार मात्र खोलीबरोबर झपाट्याने विरत जातो. त्यामुळे 'अवजड वाहतुकीने खाण खचली' असे जे सर्रास म्हटले जाते, ते उथळ पोकळ्या वगळता क्वचितच पूर्ण खरे असते. रस्त्याच्या कडेच्या गळक्या गटारातून एकाच जागी मुरणारे पावसाचे पाणी बहुधा त्याहून अधिक हानी करते. खाणजमिनीवरील रस्त्याची गटारे पक्क्या अस्तराची ठेवतात आणि शोषखड्डे टाळतात, ते याच कारणाने.

जुने नकाशे असतातच ना?

असतात, पण ते अर्धवट असतात. अनेक देशांत खाणींचे नकाशे जपून ठेवण्याचे कायदे एकोणिसाव्या शतकात किंवा त्यानंतर आले, तर खोदकाम त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होते. मॉरिस परगण्यातील लोहखनिज अठराव्या शतकापासून काढले जात होते. त्यावर महामार्ग आला विसाव्या शतकाच्या मध्यानंतर, आणि तोवर काही खाणींची आठवणसुद्धा उरली नव्हती. जिथे नकाशा होता, तिथेही तो शेवटच्या दिवसापर्यंतचा असेलच असे नाही, कारण खाण बंद होण्याच्या घाईत शेवटच्या काही महिन्यांचे खोदकाम नोंदवायचे राहून जात असे. जुलै २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील क्वीक्रीक खाणीत नऊ कामगार अडकले, ते अशाच एका चुकीमुळे. शेजारच्या बंद खाणीचा हाताशी असलेला नकाशा अपुरा होता, मधली भिंत समजुतीपेक्षा पुष्कळच पातळ निघाली आणि जुन्या खाणीत साठलेले पाणी आत घुसले. तीन दिवसांहून अधिक काळानंतर नऊही जण सुखरूप बाहेर निघाले.

सर्वांत दगाबाज असतात ते शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरण्यासाठी, हवा खेळवण्यासाठी किंवा माल वर काढण्यासाठी खणलेले उभे खोल कूप. ब्रिटनमध्ये कोळसा खाणींची एक लाख सत्तर हजारांहून अधिक मुखे नोंदलेली आहेत आणि नोंद नसलेली किती असतील याचा अंदाजच करावा लागतो. जुन्या काळी शाफ्ट बंद करताना तो तळापासून भरण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नसे. वरून काही हात खाली झाडांच्या ओंडक्यांची फळी अडकवायची, तिच्यावर माती लोटायची आणि जमीन सपाट करायची. लाकूड कुजेपर्यंत त्या जागी शेती होते, घर उभे राहते किंवा रस्ता जातो.

जमिनीच्या पोटात पाहायचे कसे?

सुरुवात कागदांपासून होते. जुने नकाशे, महसुली नोंदी, विमानातून घेतलेली जुनी छायाचित्रे आणि खाणीत काम केलेल्या वृद्धांच्या आठवणी हे सारे गोळा करून एका नकाशावर आणले जाते. त्यानंतर भूभौतिक पाहणी होते, म्हणजे जमीन न खणता तिचे गुणधर्म मोजणे. पोकळीच्या वर गुरुत्वाकर्षण किंचित कमी भरते आणि अतिसूक्ष्म मापकांनी तो फरक टिपता येतो. जमिनीत वीज सोडून तिला होणारा विरोध मोजता येतो, कारण कोरडी पोकळी विजेला अडवते आणि पाण्याने भरलेली पोकळी तिला वाट देते. जमिनीत रेडिओ लहरी सोडणारे रडारही वापरतात, परंतु ओल्या चिकणमातीत त्या लहरी काही मीटरांतच विरून जातात. म्हणूनच 'रडारने तपासले, काही सापडले नाही' या वाक्यावर विसंबणे चुकीचे ठरते.

यापैकी कोणतीही पद्धत एकटी पुरेशी नसते आणि अखेरचा पुरावा बोअर घेऊनच मिळतो. सळई अचानक खाली सुटली किंवा छिद्रात सोडलेले पाणी परत वर आले नाही, की पोकळी लागली असे समजतात. मग त्या छिद्रातून कॅमेरा किंवा लेसर मापक आत सोडून तिचा आकार पाहतात. येथे एक व्यावहारिक अडचण आहे. पुलाच्या पायासाठी घेतलेले नेहमीचे बोअर पक्का खडक लागला की थांबवले जातात, आणि खाण तर त्या पक्क्या खडकाच्या खाली असते. त्यामुळे खाणजमिनीत बोअर किती खोल जावा हे खनिजाचा थर कुठे आहे त्यावरून ठरवावे लागते. रस्त्याच्या नेहमीच्या मानकांवर सोडून दिल्यास पाहणी झाल्याची कागदोपत्री नोंद होते आणि धोका तसाच राहतो.

इंटरस्टेट ८० च्या दुरुस्तीला लागलेल्या विलंबाचे मुख्य कारण हेच होते. दिसणारे भगदाड बुजवणे काही दिवसांचे काम होते. त्याच्या आजूबाजूला, रस्त्याखाली आणखी किती पोकळ्या आहेत हे बोअर घेत घेत शोधणे आणि त्यांवर उपाय करणे हे महिन्यांचे काम ठरले.

पोकळी सापडली की भरून का टाकत नाहीत?

भरतात, आणि उथळ भूमिगत खाणींसाठी तोच सर्वाधिक वापरला जाणारा उपाय आहे. त्याला ग्राउटिंग म्हणतात. सिमेंट, पाणी आणि औष्णिक वीजकेंद्रातील राख यांचे पातळ मिश्रण बोअरमधून दाबाने आत सोडायचे. हे मिश्रण फार बलवान असण्याची गरज नसते, कारण त्याला इमारत तोलायची नसून केवळ पडणारे छत अडवायचे असते. म्हणून त्यात सिमेंट कमी आणि राख भरपूर असते.

अडचण अशी, की खाण रस्त्याच्या हद्दीत संपत नाही. मिश्रण आत ओतत राहिले, तर ते दालनांमधून वाट काढत शेजारच्या गावाखाली पोहोचेल आणि रस्त्याखालची पोकळी रिकामीच राहील. त्यासाठी आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ बोअर घेऊन बारीक खडी व घट्ट मिश्रण यांचा बांध जमिनीखालीच उभा करतात. त्यानंतर मधला भाग काही मीटरांच्या अंतरावरील बोअरांतून भरतात, दोन बोअरांच्या मध्ये पुन्हा बोअर घेऊन राहिलेली जागा भरतात आणि शेवटी नवे बोअर घेऊन काम खरोखर झाले का हे तपासतात. हा शेवटचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण जमिनीखाली झालेले काम डोळ्यांनी पाहण्याची दुसरी कोणतीही सोय नाही.

भरण्याचे दुष्परिणामही असतात. जुन्या खाणीतून पाणी वाहत असेल, तर ती वाट बंद झाल्यावर ते दुसरीकडे कुठेतरी, कदाचित एखाद्याच्या शेतात, वर येते. खाणीतील पाणी अनेकदा आम्लधर्मी असते आणि त्यातील सल्फेट नेहमीच्या सिमेंटला खाते, म्हणून सिमेंटही त्याला तोंड देईल असे निवडावे लागते. वायूंचा प्रश्न याहून गंभीर आहे. बंद खाणीत मिथेन किंवा कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, आणि ग्राउट आत शिरले की तो वायू बाहेर ढकलला जातो. वायू किती दूर जातो याचे गंभीर उदाहरण स्कॉटलंडमधील गोरब्रिज गावात पाहायला मिळाले. तेथे महामार्गाचा संबंध नव्हता, परंतु जुन्या खाणीतील कार्बन डायऑक्साइड घरांत शिरल्यामुळे २०१३-१४ मधील त्या घटनेनंतर ६४ घरे पाडावी लागली. म्हणून ग्राउटिंग चालू असताना आसपासच्या घरांत वायुमापक बसवणे हा कामाचाच भाग मानला पाहिजे.

शाफ्ट सापडला, तर तो शक्य तितका भरून, पक्क्या खडकाच्या पातळीवर त्याच्या व्यासाच्या किमान दुप्पट रुंदीचे सळईयुक्त काँक्रीटचे झाकण घालतात. कोळशाचा थर अगदीच वर असेल, तर कधी कधी उरलेला कोळसा, खांबांसकट, खोदून काढणे आणि खड्डा थराथराने दाबत भरणे हाच स्वस्त व निर्धोक मार्ग ठरतो.

त्यापेक्षा सरळ पूल का बांधू नये?

पुलाच्या खांबांनाही जमीनच लागते, आणि एका खांबाखालची जमीन दुसऱ्यापेक्षा काही सेंटीमीटर अधिक बसली, तरी अखंड तुळईत मोठे ताण निर्माण होतात. साध्या रस्त्यावर तेवढ्याने फक्त एक खोलगट भाग पडेल आणि तो डांबर घालून दुरुस्त होईल. म्हणून खाणजमिनीवर पूल शक्य तितके टाळतात. टाळता येत नसेल तेव्हा प्रत्येक गाळा सुटा ठेवतात, सांधे रुंद ठेवतात आणि पुढे पूल जॅकने उचलून पातळीत आणता येईल अशी जागा आधीच राखून ठेवतात.

ही काळजी विशेषतः खोल खाणींसाठी असते. तेथे लाँगवॉल नावाच्या पद्धतीत संपूर्ण थर काढून मागचे छत मुद्दाम पडू दिले जाते. जमीन लवकर आणि बरीचशी अंदाजाप्रमाणे बसते, परंतु खाणीच्या हद्दीबाहेरही तिचा परिणाम जाणवतो. ब्रिटिश कोळसाक्षेत्रात हा परिणाम उभ्या रेषेशी सुमारे ३५ अंशांच्या कोनात पसरतो असे धरतात, म्हणजे ३०० मीटर खोल खाणीसाठी तो कडेपासून सुमारे २१० मीटर दूरपर्यंत पोहोचतो.

खुली खाण तर भरून टाकलेली असते, मग तिथे काय अडचण?

ज्वारी डब्यात ओतली आणि डबा जमिनीवर दोन-तीनदा आपटला, की पातळी खाली जाते, हे प्रत्येक घरात माहीत असते. दाणे तेवढेच असतात, त्यांच्यामधील रिकामी जागा कमी होते. खुल्या खाणीत उपसा वरून लोटला जातो, तेव्हा तोही असाच सैल पडतो, आणि त्याची जाडी कित्येक मजले असते. भराव स्वतःच्या जाडीच्या केवळ १ टक्का दबला, तरी १०० मीटर भरावावर रस्ता १ मीटर खाली जातो. सगळा रस्ता सारखाच खाली गेला, तर फारसे बिघडत नाही. खरा त्रास भराव आणि मूळ जमीन यांच्या सीमेवर होतो. तिथे एक बाजू स्थिर राहते आणि दुसरी बसते, म्हणून भेगा नेमक्या तिथेच पडतात.

जर्मनीतील लिपझिग शहराच्या दक्षिणेला हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर हाताळला गेला आहे. तिथे लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा, अनेक दशके खुल्या खाणींतून काढला गेला आणि जर्मनीच्या एकीकरणानंतर त्यांपैकी बहुतेक खाणी बंद झाल्या. ए-३८ हा महामार्ग पूर्वीच्या एस्पेनहाइन खाणीच्या भरावावरून, त्याच खाणीच्या खड्ड्यांत तयार झालेल्या दोन तलावांच्या मधून जातो. केमनिट्सहून लिपझिगला येणाऱ्या ए-७२ महामार्गाचा बोर्ना ते रोथा हा टप्पाही खाणभरावावरून जातो आणि तो २०१९ मध्ये खुला झाला. देशाच्या पश्चिमेकडे गार्त्सवायलर खाणीसाठी ए-४४ चा एक भाग चक्क उखडून टाकण्यात आला, खाण तिथून पुढे सरकली, मागे भराव झाला आणि त्या भरावावर तोच महामार्ग पुन्हा बांधून २०१८ मध्ये सुरू करण्यात आला.

सैल भराव घट्ट करण्याच्या पद्धती तत्त्वतः सोप्या आहेत. क्रेनने दहा-वीस टनांचे वजन उंचावरून पुन्हा पुन्हा टाकणे, कंप पावणारा लांब दांडा जमिनीत खोल घालून वाळू बसवणे, किंवा रस्त्याच्या अंतिम उंचीपेक्षा जास्त मातीचा ढीग काही महिने ठेवून भराव आधीच दाबून घेणे आणि मग जादा माती काढून टाकणे. यांतील शेवटची पद्धत तुलनेने स्वस्त आहे, परंतु तिला वेळ लागतो, आणि उद्घाटनाची तारीख आधीच जाहीर झालेली असली की हा वेळच पहिल्यांदा कापला जातो.

पाण्याचा धोका येथेही आहे आणि तो उशिरा येतो. खाण चालू असताना पंप लावून भूजल खाली ठेवलेले असते. पंप बंद झाले की ते अनेक वर्षे हळूहळू वर येते. कोरडा सैल भराव पहिल्यांदा भिजला की एकदम बसतो, आणि तो एकसारख्या गोल कणांच्या वाळूचा असेल, तर एखाद्या किरकोळ धक्क्यानेही पाण्यासारखा वाहू लागतो. पूर्व जर्मनीतील लाउझिट्स भागात श्प्रेताल गावाजवळ ऑक्टोबर २०१० मध्ये खाणभरावाचा विस्तीर्ण भाग अशा रीतीने अचानक वाहून गेला. त्याआधी १८ जुलै २००९ रोजी नाख्टरश्टेट येथे जुन्या खाणीत तयार होत असलेल्या तलावाचा काठ घरांसह खाली घसरला आणि तीन माणसांचा मृत्यू झाला. म्हणून भरावावरील रस्त्याची रचना आजच्या भूजलपातळीवर बेतून चालत नाही, तर ती पंप बंद झाल्यानंतर जिथे स्थिरावेल त्या पातळीवर बेतावी लागते.

आणि खाली आग असेल तर?

कोळसा हवेच्या संपर्कात आला की आपोआप तापतो आणि पेटू शकतो. झारखंडमधील झरियाच्या कोळसाक्षेत्रात १९१६ पासून भूमिगत आगी नोंदल्या गेल्या आहेत. त्यांच्यामुळे धनबाद ते चंद्रपुरा हा ३४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १५ जून २०१७ पासून बंद ठेवण्यात आला होता आणि तो २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियामध्ये सेंट्रालिया गावाखाली १९६२ मध्ये लागलेली आग आजही पूर्ण विझलेली नाही. तेथील राज्य महामार्ग ६१ चा एक तुकडा भेगा पडून कायमचा सोडून द्यावा लागला. जळणारा थर सापडला, तर तो खणून काढणे, खंदक खणून त्याला उरलेल्या कोळशापासून तोडणे किंवा मातीने हवा कोंडणे एवढेच उपाय आहेत. आग मोठी आणि खोल असेल, तर रस्त्याने वाट बदललेलीच बरी.

इतकी वर्षे काही झाले नाही, मग आता का होईल?

हा आक्षेप सर्वाधिक ऐकू येतो आणि तो वरवर पटतोही. परंतु वर सांगितलेल्या सर्व प्रक्रिया मंद आहेत. लाकूड कुजण्यास, खांब झिजण्यास आणि पोकळी वर सरकण्यास दशके किंवा शतकेही लागतात, आणि या काळात पृष्ठभागावर बहुधा काहीच दिसत नाही. ओहायो राज्यातील गर्न्सी परगण्यात इंटरस्टेट ७० कित्येक वर्षे व्यवस्थित चालू होता. मार्च १९९५ मध्ये त्याच्या खालची बंद कोळसा खाण ढासळली आणि वाहत्या रस्त्यात भगदाड पडले. त्यानंतर ओहायोच्या परिवहन विभागाने आपल्या रस्त्यांखालील जुन्या खाणींची यादी करून धोक्यानुसार त्यांची क्रमवारी लावण्याची पद्धत तयार केली. कोणत्याही खाणप्रदेशाने अनुकरण करावे असे हे काम आहे, कारण त्यासाठी भगदाड पडण्याची वाट पाहण्याची गरज नसते.

विदर्भासाठी याचा अर्थ काय?

नागपूर, यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या, भूमिगत व खुल्या अशा दोन्ही प्रकारच्या खाणी आहेत आणि काही भूमिगत खाणी स्वातंत्र्यापूर्वीच्या आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे आमराई वॉर्डातील एक घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. घरातील माणसे वेळीच बाहेर पडल्यामुळे वाचली आणि आसपासच्या कुटुंबांना हलवावे लागले. नागपूर ते चंद्रपूर द्रुतगती मार्गाचे नियोजन महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतले असल्यामुळे हा विषय आता केवळ खाणवस्त्यांपुरता राहिलेला नाही.

आपल्याकडे काही गोष्टी अनुकूल आहेत. भारतीय खाण नियमांनुसार सार्वजनिक रस्ता किंवा रेल्वे यांच्या खाली आणि त्यांच्यापासून ४५ मीटरच्या आत पूर्वपरवानगीशिवाय खांब काढता येत नाहीत. कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७१ ते १९७३ दरम्यान झाल्यामुळे त्यानंतरच्या बहुतेक खाणींचे नकाशे एका सरकारी कंपनीकडे मिळू शकतात. चंद्रपूरचे औष्णिक वीजकेंद्र २,९२० मेगावॅटचे आहे, त्यामुळे पोकळ्या भरण्यासाठी लागणारी राख फार दुरून आणावी लागणार नाही. ती भूजलात काय सोडते हे आधी तपासले म्हणजे झाले. प्रतिकूल बाब अशी, की ४५ मीटरचा नियम रस्ता आधी आणि खाण नंतर अशा क्रमासाठी आहे. खाण आधी आणि रस्ता नंतर असेल, तर तो काहीच संरक्षण देत नाही. शिवाय राष्ट्रीयीकरणापूर्वीच्या खासगी खाणींच्या नकाशांवर पूर्ण विसंबता येत नाही.

खर्चाचा प्रश्न याच ठिकाणी येतो. केंद्र सरकारने २००९ मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कोळसा खाण कंपनीला खाण बंद करण्याच्या खर्चासाठी वेगळ्या खात्यात पैसे ठेवावे लागतात. त्याआधी सोडून दिलेल्या खाणींसाठी बंद करताना असे पैसे ठेवण्याची पद्धत नव्हती, आणि त्यांवरून रस्ता न्यायचा असेल तर पाहणी व भरणी यांचा भार रस्त्याच्या अंदाजपत्रकावरच पडतो. ठेकेदाराची निविदा निघण्यापूर्वीच ही पाहणी सार्वजनिक पैशातून पूर्ण करून तिचे निष्कर्ष सर्व निविदाधारकांना दिले, तर पोकळी सापडल्यावर होणारे वाद, मुदतवाढ आणि वाढीव देयके बरीच टळतात. ज्या गावांवरून असा मार्ग जाणार आहे तेथील ग्रामसभांनी प्रकल्पाच्या सुनावणीत तीन गोष्टी लेखी मागाव्यात: आखणीच्या दोन्ही बाजूंच्या जुन्या खाणींचा एकत्रित नकाशा, बोअर कोळशाच्या थराच्या खालपर्यंत गेल्याची नोंद आणि पंप बंद झाल्यानंतरच्या भूजलपातळीचा अंदाज.